डावीकडचा पाऊस

दार उघडंच होतं. ती आत आली, एक चप्पल काढली, आणि दुसरी काढायच्या आत समोरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या एका अनोळखी माणसाने तिच्याकडे न बघताच हात वर केला. थांबा, असा. ती थांबली. एक पाय चपलेत, एक फरशीवर, हातात भाजीची पिशवी. मग खोलीतून एक आवाज यायला लागला... आधी जमिनीखालून आल्यासारखा खोल, मग वर, आणखी वर. तो मध्यावर पोचला असेल नसेल, तेवढ्यात पिशवीतून एक टोमॅटो घरंगळला आणि धप्पकन पडला. आवाज त्याची पर्वा न करता वर चढत गेला आणि शिट्टीइतका बारीक होऊन विरला.

तो लॅपटॉपकडे बघत राहिला. मग पडद्यावरच्या रेषेवर त्याने बोट ठेवलं.

“हा इथे उंचवटा आलाय ना... हा तुमचा टोमॅटो.”

“माझ्याच घरात मी टोमॅटो पाडायचा नाही का?”

“पाडा की. फक्त आता मी पुन्हा सुरू करतोय, तेवढा वेळ नको.”

तिने श्वास रोखला. का रोखला ते तिलाही सांगता आलं नसतं. अशी त्यांची ओळख झाली. त्यात वीज चमकण्यासारखं काही नव्हतं. त्याचे गुडघे धुळीने भरले होते आणि तिला भूक लागली होती.

खोली मुळात दादाची. दादा लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, आई नातीला सांभाळायला काही महिने त्याच्याकडे जाऊन राहिली, आणि घरात उरले बाबा आणि ती. बाबा भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त. गाण्याचं वेड जुनं, इतकं की मित्र त्यांना कानसेन म्हणत आणि बाबा ते नाव हक्काने मिरवत. घरातला जुना संच एका बाजूला कलल्यासारखा वाजतो, अशी त्यांची वर्षभराची तक्रार होती. आई गेल्यावर त्यांनी दादाच्या खोलीतला पलंग बाहेर काढला आणि जाहीर केलं, की इथे आता फक्त ऐकायचं. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात घुमणारा एक जाडजूड डबा, आणि मधोमध एक खुर्ची.

धुळीच्या गुडघ्यांचा माणूस हे सगळं बसवायला आला होता. तो ध्वनीचा इंजिनीअर. आधी मोठमोठी सभागृहं करणाऱ्या कंपनीत होता, तिथे साहेबाशी खटका उडाला, मग स्वतःचं दुकान काढलं. स्पीकर ठेवायचा, ऐकायचं, एक इंच सरकवायचा, पुन्हा ऐकायचं, अशी त्याची कामाची तऱ्हा. दुसऱ्या दिवसापासून बाबा त्याला इंचवाले म्हणायला लागले.

मागचे दोन स्पीकर हे सगळ्यात किचकट काम निघालं. ते खुर्चीतल्या माणसाच्या कानांच्या किंचित मागे आणि किंचित वर हवेत, आणि दोन्ही कानांपासून अंतर सारखं हवं. त्यासाठी खुर्चीत कुणीतरी न हलता बसायला पाहिजे. बाबांना एका जागी बसवत नसे. ते दर थोड्या वेळाने उठून स्पीकरला कौतुकाने हात लावून येत. शेवटी त्यांनी लेकीला बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन पेपर उघडला.

त्याने प्रत्येक स्पीकरला एकेक दोरा बांधला आणि दुसरं टोक तिच्या कानाशी आणून धरलं. दोरा कानाला लागत नव्हता, पण आहे हे कळत होतं.

“डोकं हलवू नका.”

“श्वास घेतला तर चालेल?”

“हळू घ्या.”

“किती हळू?”

“आत्ता घेताय त्याहून हळू.”

आपला श्वास जोरात चाललाय हे तिला तेव्हा कळलं. जिना चढून आल्यामुळे असेल, असं तिने मनाशी म्हटलं. खरं तर ती बराच वेळ खुर्चीत बसूनच होती.

सगळं जागेवर आल्यावर त्याने पाऊस लावला. हा पाऊस त्याने स्वतः एका गच्चीवर छत्रीखाली चार माइक लावून पकडला होता. गाण्यात वाजवणारे कुठेही बसतात, तो म्हणाला, पण पाऊस सगळीकडे सारखा पडतो, त्यामुळे एखादी बाजू जड झाली की लगेच कळतं. तिने डोळे मिटले. बाहेर कडकडीत ऊन होतं आणि तिच्या भोवती पाणी कोसळत होतं, पाठीमागे, दोन्ही खांद्यांवर, समोर. डोळे उघडले तेव्हा तो स्पीकरकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मग दोघांनीही घाईघाईने स्पीकरकडे पाहिलं.

चार दिवसांनी बाबांचा त्याला फोन गेला. मागचा डावा कमी वाजतो.

तो आला. डाव्या भिंतीला खिडकी आहे, काच आवाज नीट परतवत नाही, असं म्हणाला आणि तिथे जाड पडदा लावून गेला. आठवड्याभरात पुन्हा फोन... डावा अजून कमीच. या वेळी त्याने माइक लावून मोजलं, मग मागच्या दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बाबांनी मन लावून ऐकलं आणि ठामपणे सांगितलं, डावीकडचाच कमी. तो जरा वेळ बाबांकडे बघत उभा राहिला. मग काही न बोलता त्याने डाव्याचा आवाज वाढवला आणि कॉफी न घेताच निघून गेला. तिला वाटलं, दमला असेल.

त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी काहीतरी निघायचं आणि तो यायचा. शनिवारी तिलाही घरातच काम निघायला लागलं. घरात नेहमीची कॉफी होती ती संपायच्या आधीच तिने जरा बरी कॉफी आणली. खोलीचा आवाज कळावा म्हणून तो टाळी वाजवून बघे. एकदा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन त्याने तिथेही एक टाळी दिली आणि कान देऊन उभा राहिला.

“तुम्ही लोकांच्या घरात जाऊन टाळ्या वाजवत फिरता?”

“फिरतो. अजून कुणी उलट वाजवली नाही.”

तिने हातातला कप ठेवला आणि एक टाळी वाजवली. तो हसला. तो तिच्या कामाबद्दल विचारायचा. ती इस्पितळात कान तपासायची. शेजारीपाजारी तिला कानाची डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, मी फक्त मोजते, हे सांगून ती थकली होती. तुमच्या नि माझ्या कामात फरक काय, त्याने विचारलं. ती म्हणाली, तुम्ही खोलीला दोष देता, मी माणसाला. यावर तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

तिला तो आवडायला लागला होता. हे तिने स्वतःशी सरळ कबूल केलं, पण पुढे काय करायचं ते काही ठरवलं नाही. रोज दुसऱ्यांच्या कानांचे आलेख काढणाऱ्या बाईला स्वतःच्या बाबतीत घाई करायची सवय नसते.

एका रविवारी दुपारी बाबा मित्राकडे गेले होते. घर रिकामं होतं, तिला पाऊस ऐकावासा वाटला. खुर्चीत बसून तिने तो लावला आणि दचकून उठली. सगळा पाऊस डाव्या खांद्यामागे कोसळत होता. उजवीकडे नुसती भुरभुर. तिने आधी स्वतःच्या कानांवर संशय घेतला, कारण शिकवणच तशी होती. खुर्ची फिरवून ती उलट्या तोंडाने बसली. पाऊस आता समोर उजवीकडे गेला. म्हणजे कान ठीक होते, आवाजच तिथे जास्त होता.

आणि हाच पाऊस बाबांना दोन्हीकडे सारखा वाटत होता.

मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात रांगेने उभी राहिली. बाबा हल्ली फोन उजव्या कानाला लावतात. बोलताना मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करतात. रस्त्यात चालताना वळसा घालून नेहमी तिच्या डाव्या बाजूला येतात, म्हणजे ती त्यांच्या उजव्या हाताला राहील. इस्पितळात एखाद्या पेशंटने दारातून आत येताना यातली एक गोष्ट केली असती तरी तिच्या नजरेतून सुटली नसती. घरात मात्र ती वर्षभर शेजारी बसून जेवत होती.

तिने त्याला फोन केला. डावा किती वाढवलाय, एवढंच विचारलं. तो म्हणाला, बारा डेसिबल. ती म्हणाली, या.

तो आला तेव्हा ती खोलीतच उभी होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही.

“कधी कळलं तुम्हाला?”

तो खोटं बोलला नाही. “स्पीकर बदलून बघितले तेव्हा.”

“म्हणजे दुसऱ्याच वेळी. आणि तुम्ही वाढवत राहिलात.”

“डावा कमी वाटतो म्हणाले की डावा वाढवायचा, हे माझं काम. कुणाच्या कानाबद्दल कसं बोलायचं... एका गिऱ्हाइकाला बोललो होतो, त्याने मला जिना दाखवला. आणि तुम्ही या घरात असताना तुम्हाला माहीत नसेल असं माझ्या मनातच आलं नाही.”

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं.

“एका कानाचं कमी झालं की आम्ही ते सोडून देत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त शब्द तुटक येत होते. “आत गाठ नाही ना, हे बघावं लागतं. लवकर बघावं लागतं. तुम्ही तीन महिने माझ्या बाबांचा आजार पडद्याआड झाकून ठेवलात.”

तो पांढराफटक पडला. हे त्याला माहीत नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. “आणखी एक कारण होतं...” त्याने सुरुवात केली.

“नको,” ती म्हणाली. “आज मला ऐकायचं नाही.”

तो गेला. ती बाबांच्या खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. निम्मा राग त्याच्यावरचा होता आणि निम्मा स्वतःवरचा, पण त्या दिवशी तिने सगळाच त्याच्या खात्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना इस्पितळात घेऊन गेली. काचेच्या बंद खोलीत बाबा हेडफोन लावून बसले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाचा एकही आवाज त्यांनी सोडला नाही. मग डावा सुरू झाला आणि बाबा बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखे वाट बघत बसले. ती आवाज पाठवत होती, वाढवत होती, आणि काचेपलीकडे ते अजून वाट बघत होते. तरी तिने तपासणी पूर्ण केली.

बाहेर आल्यावर त्यांनी आलेख मागितला नाही.

“संशय होता गं मला,” ते म्हणाले. “म्हणून तर खोली केली. खोलीतच खोट निघाली असती तर बरं झालं असतं.”

“मला का नाही सांगितलंत? मी रोज हेच तर करते.”

“म्हणूनच नाही सांगितलं. तू सगळ्यांना सांगतेस, आता पहिल्यासारखं ऐकू येणार नाही म्हणून. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.”

ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन सांगितला. तो होऊन निकाल येईपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. कामावर तिची कधी चूक होत नसे, त्या आठवड्यात दोन झाल्या. निकाल चांगला आला. गाठ नव्हती. कान हळूहळू, काही वर्षांपासून उतरत गेला होता, गेलेलं परत येणार नव्हतं, पण कानाला मशीन लावलं तर बरंच निभावेल असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी मशीन लावलं, पहिल्या दिवशी पेपरची घडी घालताना केवढा आवाज होतो म्हणून चिडले, आणि तिसऱ्या दिवशी सवयीने ते डाव्या कानातच विसरून झोपले.

एका संध्याकाळी ती घरी आली तर खोलीत पाऊस चालू होता, चारी बाजूंनी सारखा. ती दारातच उभी राहिली. बाबा म्हणाले, इंचवाले येऊन गेले.

तिने विचारलं नाही, तरी बाबांनी सांगितलं. तो दुपारी मुद्दाम ती नसताना आला होता. आधी खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसला आणि बाबांना सगळं सांगितलं. दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं, म्हणाला. गिऱ्हाइकाला वाईट वाटेल ही भीती होतीच, पण ती पहिल्या वेळेपुरती. पुढे गप्प बसलो ते माझ्यासाठी. बोललो असतो तर तक्रार मिटली असती, आणि तक्रार मिटली असती तर शनिवारी यायला कारण उरलं नसतं. तुमची मुलगी शनिवारी घरी असते. हे सांगून त्याने माफी मागितली, मग नव्या मशीनसकट बाबांना बसवून दोन्ही स्पीकर पुन्हा लावून दिले.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, बाबा रे, मीही गप्पच होतो. माझा कान, माझी खोली, तुला एकट्याला कशाला फाशी द्यायची? पण हे तिला सांग. तर म्हणाला, ती फोन उचलत नाही.”

ती खरंच उचलत नव्हती. त्या रात्री तिने फोन उशाशी ठेवला. तो वाजला नाही. पुढचा शनिवार आला आणि गेला. कॉफी उरली. तिला त्याची आठवण येत होती, सरळ सरळ येत होती, आणि राग कुठे ठेवला होता ते शोधायला गेलं तर सापडत नव्हता. पण आपणहून फोन करायचा म्हणजे काय म्हणायचं? स्पीकर तर उत्तम वाजत होते.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी तिने पुढच्या पेशंटला आत बोलावलं आणि तो आत आला. रीतसर नाव नोंदवून, बाकावर आपली पाळी येईपर्यंत बसून. या वेळी त्याचे गुडघे स्वच्छ होते.

“काय तक्रार आहे?” तिने विचारलं. पेशंटला विचारायचं ते विचारलं.

“तक्रार नाही. माझं पोट कानांवर चालतं आणि मी ते कधी तपासले नाहीत. तपासा. जे निघेल ते तोंडावर सांगा, झाकू नका.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, जड दार ओढून घेतलं आणि बाहेर आपल्या जागेवर येऊन बसली. आधी नुसते आवाज झाले. त्याचे कान चांगले होते, नको तितके चांगले. मग शब्दांची पाळी आली. उजव्या कानात मी शब्द म्हणेन, तिने माइकमधून सांगितलं, ते हळूहळू लहान होत जातील. जसा ऐकू येईल तसा परत म्हणायचा, खात्री नसली तरी म्हणायचा, गप्प बसायचं नाही. शेवटचं वाक्य तिने जरा सावकाश उच्चारलं. मग नेहमीप्रमाणे पेशंटला ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरला.

“घर.”

“घर,” तो काचेपलीकडून म्हणाला. त्याचा आवाज तिच्या टेबलावरच्या स्पीकरमधून येत होता.

“पाणी.”

“पाणी.”

तिने आवाज उतरवला. खिडकी, दोरा, सावली. आणखी उतरवला. बोट, लाकूड. तो डोळे मिटून, जिवाचा कान करून ऐकत होता आणि एकही शब्द सोडत नव्हता. तिने आवाज अगदी तळाला नेला, जिथे बहुतेकांना श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. आपल्या छातीत धडधडतंय ते माइकमध्ये जाईल की काय, असं तिला वाटलं. पुठ्ठ्याआड तिचा चेहरा तापला होता.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली.

तो गप्प. डोळे मिटलेलेच. काचेपलीकडे काहीही हललं नाही. ऐकू नाही आलं, तिने मनाशी म्हटलं... आणि तिला हायसं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. पुढचा शब्द म्हणायला तिने तोंड उघडलं.

त्याने डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे पाहिलं.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला.

हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. तो खणखणीत बोलला. टेबलावरचा स्पीकर चालू होता, तिच्या खोलीचं बाहेरचं दार अर्धवट उघडं होतं, आणि बाहेर बाकावर सहा-सात पेशंट बसले होते. त्यांतल्या ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी ऐकलं, आणि मग शेजारच्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

तिने पुठ्ठा खाली ठेवला नाही, कारण त्यामागे ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मग घसा साफ करून ती माइकमध्ये शक्य तितक्या कोरड्या आवाजात बोलली.

“बरोबर. उजवा कान झाला. आता डाव्यात म्हणते.”